तिला जरा हसवा

निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसने मला माझाच फोटो फ्रेम करून दिला. डोळ्यांखालची वर्तुळं गायब, गळ्यावरच्या सुरकुत्या गायब, उजव्या गालावरचा जन्मजात तीळही गायब. हे काम ज्यांना मी शिकवलं त्यांनीच केलं होतं. घरी आणून भिंतीला टेकवला, तर सुधीर, माझा नवरा, चष्मा वर करून म्हणाला, "छान आहे. कोण आहे?"

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, एका टायरच्या गोडाऊनच्या वर, आमची छोटी कंपनी होती. काम जुने फोटो दुरुस्त करायचं. फाटलेला, भिजलेला, बुरशी आलेला फोटो यायचा. आम्ही तो स्कॅन करून कॉम्प्युटरवर एकेक डाग पुसायचो, एकेक चीर भरून काढायचो. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. हल्ली खरंच बटण दाबतात आणि काहीतरी होतं: आजीला सहावं बोट फुटतं, आजोबांच्या पगडीचं हेल्मेट होतं. मग रडत रडत तो फोटो आमच्याकडे यायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दुबईतल्या करामा भागातल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाचा अख्खा अल्बम आणला आणि घटस्फोटित जावई सगळ्या फोटोंतून काढून मागितला. माणूस काढणं सोपं असतं. तो उभा होता त्याच्या मागे काय होतं, ते नव्याने तयार करणं हे खरं काम. आम्ही मांडवातले केळीचे खांब पुढे सरकवले. अल्बम फार देखणा झाला, फक्त त्यात मुलगी केळीच्या खांबाला वरमाला घालताना दिसत होती. बाई म्हणाल्या, "हे बरंय. निदान उलट बोलणार नाही."

उलट, उम्म अल कुवैनहून एक म्हातारे अरब गृहस्थ आले होते. समुद्रातून मोती काढणाऱ्या बोटीवर काम करणाऱ्या वडिलांचा फोटो, मधोमध घडीची पांढरी रेघ. बाकी सगळं नीट करा, पण ही रेघ राहू दे, म्हणाले. वडील तो खिशात घडी करून ठेवायचे. एवढ्या वर्षांत फोटो म्हणजे काय हे कळलेला तो एक माणूस भेटला. बाकी सगळे आरसे विकत घ्यायला यायचे.

आता ज्या कामाबद्दल लिहायला बसले ते सांगते.

एक दिवस केतन नावाचा मुलगा लाकडी पेटी घेऊन आला. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, पुण्याचा, पायात मोज्यांविना बूट. कार्डावर 'एक्स्पीरियन्स क्युरेटर' असं लिहिलं होतं.

"म्हणजे तू नक्की काय करतोस?" मी विचारलं.

"मॅम, आम्ही स्टोरी डिझाइन करतो. फूड सेकंडरी आहे."

त्याची कंपनी दुबई मरीनाच्या एका टॉवरमध्ये, बरंच वर, एक रेस्टॉरंट उघडत होती. थीम होती बेटावरचं साधं, निरागस जगणं. त्यासाठी युरोपातल्या कुठल्याशा लिलावातून ही पेटी घेतली होती. आत खाचा पाडलेल्या, आणि प्रत्येक खाचेत काचेची एक निगेटिव्ह. फिल्मचा रोल सगळीकडे पोचण्याआधी फोटो असे काचेवर घेत. काचेच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो, त्यात चित्र. ही बाजू जरा मंद दिसते आणि तिला बोट लागलं तर गेलीच. काच उलटी ठेवून स्कॅन केली तर डावरा माणूस उजवा होतो, आणि आखातातल्या दमट उन्हाळ्यात एसी बंद पडला तर थर काचेवरून सायीसारखा सुटतो. म्हणून हे काम कोणी घेत नव्हतं. मी घेतलं, कारण मला ते आवडायचं.

पेटीवर लिलाववाल्यांची एक चिठ्ठी होती: मेलानेशिया, सॉलोमन बेटं. मेलानेशिया म्हणजे न्यू गिनीपासून फिजीपर्यंत पसरलेली बेटं, ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला. फोटो कोणी काढले, कोणाचे काढले, काहीच लिहिलेलं नव्हतं. पण स्क्रीनवर एकेक काच उजळली तसं मी डबा खायचं विसरले. उथळ समुद्रात दगडांवर दगड रचून केलेली बेटं, त्यावर झावळ्यांची घरं. शिंपल्यांच्या चकत्यांना भोकं पाडत बसलेल्या बायका. जाळं ओढणारे पुरुष. दगडी बांधावरून पाण्यात उड्या घेणारी पोरं. एका पोराचा पाय हलला होता, तेवढाच धूसर, बाकी सगळं कालच्यासारखं स्वच्छ.

मी नेटवर वाचलं, की तिथले लोक पिढ्यान् पिढ्या पोवळ्याचे दगड होडीतून आणून टाकत आले आणि त्यावर राहिले. केतनला मी कौतुकाने सांगितलं.

"मॅन-मेड आयलंड?" तो म्हणाला. "पण मॅम, ती तर आपली स्पेशॅलिटी ना, दुबईची?"

"यांनी हाताने केली. त्याच्या कितीतरी आधी."

"वॉव. मग आपण भिंतीवर लिहू या, 'ओरिजिनल वॉटरफ्रंट लिव्हिंग'."

आणि त्याने खरंच फोनमध्ये लिहून घेतलं.

मग त्याच्या सूचना सुरू झाल्या. बायकांच्या उघड्या अंगावर फुलांच्या माळा घाला. पोरांच्या पायांवरच्या जखमा पुसा. आकाश निळं करा. एका फोटोत कोपऱ्यात हॅट घातलेला गोरा माणूस बंदूक घेऊन उभा होता आणि गावातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. "याला काढा, व्हाइब बिघडते." मी काढला. त्याच्या जागी केवड्याचं झुडूप लावलं. आता अख्खं गाव धास्तावून एका झुडपाकडे बघत होतं. केतन म्हणाला, "परफेक्ट. नेचरशी कनेक्शन." क्लायंटचं ऐकायचं, हा आमचा धंदा. पण ते झुडूप मला अजून आठवतं.

बारच्या मागच्या पूर्ण भिंतीसाठी त्याने जो फोटो निवडला, तो एका मुलीचा होता. झावळ्यांच्या कुडाआड एक बुटकी झोपडी, तिच्यासमोर जमिनीवर तीन बायका. एकीने तोंड फिरवलेलं. दुसरीने हात वर केलेला, डोळ्यांवरचं ऊन अडवायला की आणखी कशाला, ते कळत नव्हतं. पुढे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, गुडघा छातीशी घेतलेली, सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. फोटो फार सुंदर होता, त्यात वाद नाही.

"काय डोळे आहेत," केतन म्हणाला. "फक्त तिला जरा हसवा, काकू. लोक जेवायला येणार आहेत."

काम काढून घ्यायचं असलं की मी मॅमची काकू व्हायचे.

मी त्याला समजावलं, की हसू ओठांत नसतं. गाल वर जातात, खालच्या पापण्या उचलल्या जातात, कपाळसुद्धा बदलतं. हसू लावायचं म्हणजे सगळा चेहरा नवा करावा लागतो. मग ती ती राहत नाही.

"पण काकू, ती कोण होती हे कुठे कोणाला माहितेय?"

हा प्रश्न मला घरी जाईपर्यंत डाचत राहिला.

सुधीर फुजैराला, जहाजांना इंधन पुरवणाऱ्या टर्मिनलवर नोकरीला होता. जेवताना मी त्याला हे सांगितलं, तर तो सहज म्हणाला, "आमच्याकडे सप्लाय बोटीवर एक इंजिनिअर आहे, पीटर. सॉलोमनचाच आहे. बोलावू का?"

रविवारी दुपारी पीटर जेवायला आला. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस, चाळिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा बॉक्स. सोलकढी दोनदा घेतली आणि नारळ कसा वाटला ते विचारलं. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि आता हा मला सगळं उलगडून सांगणार म्हणून समोर बसले.

त्याने बराच वेळ फोटो पाहिले आणि म्हणाला, "सुंदर आहेत."

"हे काय चाललंय यात?"

"माहीत नाही."

"ही जागा कुठली?"

"आमच्या लगूनसारखी वाटते. नक्की नाही सांगू शकत." मग तो हसला. "मॅडम, मी मिशनच्या बोर्डिंग शाळेत शिकलो, मग फिजीत मरीन इंजिनिअरिंग. मला पंपाबद्दल विचारा. तुमच्यासमोर कोणी आसामच्या खेड्यातला शंभर वर्षांपूर्वीचा फोटो ठेवला, तर सांगाल का कोण काय करतंय?"

"पण मी महाराष्ट्राची आहे."

"तेच म्हणतोय मी."

सुधीर उठून पाणी आणायला गेला. तो पाणी आणायला गेला नव्हता, हसायला गेला होता.

शेवटी पीटरने आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती. फुलाफुलांचा ड्रेस घातलेली एक जाडजूड बाई फोनच्या अगदी जवळ आली आणि तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. पीटरने फोन लॅपटॉपसमोर धरला. मी एकेक फोटो पुढे करत होते, त्या आपसांत जोरजोरात बोलत होत्या. जाळ्याचं नाव सांगितलं, त्यावरून दोघींचं भांडण झालं. होडीत बसलेल्या एका माणसाचं पोट बघून सगळ्या हसल्या. गावात तसंच पोट असलेलं कोणीतरी आहे म्हणे.

मग मुलीचा फोटो आला. आई काहीतरी एवढंसं बोलली. पीटरने झटकन मान दुसरीकडे वळवली आणि फोन माझ्या हातात दिला.

"आई तुमच्याशी बोलेल," तो म्हणाला. "हा मी बघायचा नाही म्हणते." आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. सुधीरला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तोही गेला.

पीटरच्या आईला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, माझंही फोनवर तसंच होतं. ती म्हणाली, ही बायकांची जागा आहे. पाळी आली की, बाळंतपण आलं की, बायका तिथे जाऊन राहायच्या. पुरुष तिकडे फिरकायचे नाहीत, मुलगेसुद्धा नाहीत. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं. आता सगळे चर्चला जातात, असं कोणी बसत नाही. "पण त्या माणसाला तिथे कोणी जाऊ दिलं?" तिने मला विचारलं. रागाने विचारलं, जणू मी त्या वेळी दारात उभी होते.

आमच्या साताऱ्याच्या घरी माझी आई मागच्या पडवीत पोत्यावर बसायची. कावळा शिवला म्हणायचे. पुढे मीही तिथे बसले, माझ्या लग्नापर्यंत. पाणी वरून ओतलं जायचं. भावाचा मित्र चुकून मागच्या दाराने आला तरी अंगाचं मुटकुळं करून भिंतीकडे तोंड करायचं. तिथे एखादा अनोळखी पुरुष तीन पायांचं यंत्र घेऊन आला असता आणि हलू नकोस म्हणाला असता, तर? ती मुलगी सरळ बघत होती, कारण तिला तसं बसायला लावलं होतं. आणि मी आठवडाभर तिचे गाल कुठून उचलायचे याचा विचार करत होते.

फोन ठेवण्याआधी पीटरची आई म्हणाली, "हे सगळे आमच्याकडे पाठव." विनंती नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी मी कोशीसरांकडे गेले. ते आमचे मालक, केरळचे, जन्मभर सावध. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, फाइल क्लायंट की है. हम धोबी हैं. कपड़ा धोया, वापस दिया. कपड़ा किस का था, धोबी नहीं पूछता."

मग मी केतनला बोलावलं. भिंतीएवढ्या प्रिंटचा नमुना टेबलावर पसरला होता. मी म्हटलं, हा फोटो बारमागे लावू नकोस, त्या लोकांना ते बरं वाटणार नाही.

"सेन्सिटिव्हिटीचं आम्ही बघतो ना, मॅम. मेन्यूच्या मागे एक ओळ टाकू. 'विथ रिस्पेक्ट' वगैरे."

"ही त्यांची खाजगी जागा आहे."

"ऑथेंटिक आहे मग. लोकांना तेच हवंय."

मी दमले. म्हटलं, "केतन, ती बाजूला बसली आहे."

त्याने फोटोकडे बघितलं. "कशाच्या बाजूला?"

याला काय सांगणार. कावळ्याचंही त्याला माहीत नव्हतं. शेवटी सरळ इंग्रजीत सांगितलं, पिरियड्स. तिघींनाही. म्हणून त्या तिथे आहेत.

त्याने प्रिंटवर टेकवलेला हात उचलला. अगदी उचललाच, आणि नकळत पँटला पुसला.

"शिट. बारच्या मागे? फूड आहे हो तिथे." मग आवाज खाली आणून, "मॅम, प्लीज, हे ईमेलमध्ये लिहू नका. खलास, हा ड्रॉप. दुसरा घेऊ, होडीवाला."

चहा यायच्या आत निर्णय झाला. मला जे हवं होतं ते मिळालं. पण खरं सांगते, आनंद झाला नाही. ज्या किळसेने माझ्या आईला पोत्यावर बसवलं, त्याच किळसेने ती मुलगी त्या भिंतीवरून वाचली. मी आदराच्या गोष्टी करत होते तोवर तो ढिम्म हलला नव्हता. तरी मी ते घेतलं. हाती लागलं ते घेतलं.

पीटरच्या गावाला सगळ्या फोटोंच्या प्रती द्या, असंही मी म्हटलं होतं; तो प्रश्न केतनने त्याच्या कंपनीच्या लीगलकडे, म्हणजे वकिलांकडे, पाठवला. लीगलने बराच काळ विचार करून कळवलं, की प्रती देता येतील, परंतु श्री. पीटर यांनी उद्घाटनाला 'कल्चरल अँबॅसेडर' म्हणून यावं, पारंपरिक वेशात, आणि एखादं पारंपरिक गाणं म्हणावं. स्वतःच्या गावाचे फोटो मिळवायला स्वतः नाचून दाखवायचं. मी ते पीटरला जसंच्या तसं सांगितलं.

तो शांतपणे म्हणाला, "माझा पारंपरिक वेश म्हणजे बॉयलर सूट. तो नाही घालणार. गाणं म्हणेन. पण आधी फाइल्स, मग गाणं."

उद्घाटनाला आम्ही तिघं गेलो. पीटर पांढरा शर्ट आणि टाय घालून आला होता. दारातल्या मुलीने यादी बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हबीबी, कॉश्च्यूम कुठेय?" तो म्हणाला, "घातलाय." भिंतींवर आम्ही रंगवलेल्या निळ्या आकाशाखाली आम्हीच घातलेल्या फुलांच्या माळा घालून त्याच्या गावच्या, किंवा शेजारच्या गावच्या, बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर लोक सुशी खात होते. केतनने एका कोपऱ्यात हार्डडिस्क दिली. मी लॅपटॉपवर उघडून पाहिली. सगळे फोटो होते, मूळ स्कॅन, माळांशिवाय आणि झुडपाशिवाय. मुलीचाही होता.

"तो तर न्याच," केतन कुजबुजला. "आम्ही आमच्याकडून डिलीट केलाय."

मग पीटर उभा राहिला आणि गायला. त्या धिप्पाड माणसाच्या अंगात एवढा हळुवार आवाज असेल असं वाटलं नव्हतं. लोकांनी फोन उंच धरले. एका बाईंनी डोळे मिटले, बाजूच्या पोरीला चक्क रडू आलं. केतनने माइक घेऊन सांगितलं, की हे समुद्राला साद घालण्याचं हजारो वर्षांपूर्वीचं गीत होतं. टाळ्या थांबेनात.

गाडीत मी विचारलं, "काय होतं ते गाणं?"

"संडे स्कूलचं," पीटर म्हणाला. "शाळेत जाताना चप्पल हरवू नये, देव बघतो आहे, असं काहीतरी आहे. दुसरं कुठलं मला शेवटपर्यंत येत नाही."

सुधीरला गाडी बाजूला घ्यावी लागली.

ते रेस्टॉरंट फार चाललं नाही. आता तिथे स्टेकहाउस आहे, भिंतीवर गाई आहेत, त्याही आनंदी. केतन मधे मॉलमध्ये भेटला. हल्ली तो आपल्याच लोकांसाठी 'व्हिलेज दिवाळी एक्स्पीरियन्स' करतो. शेणाने सारवल्यासारखं दिसणारं, पण वास नसलेलं फ्लोअरिंग त्याने चीनमधून मागवलंय. माझी मुलगी नातवाला घेऊन जाणार म्हणते. "इट्स सो ऑथेंटिक, आई."

पीटरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मी सगळ्या फोटोंचे प्रिंट चांगल्या कागदावर काढले आणि नळीत घालून त्याच्याबरोबर दिले. मुलीचा प्रिंट आतल्या बाजूला, वेगळ्या कागदात गुंडाळून. काचेवरची धूळ तेवढी पुसली होती. चेहऱ्याला हात लावला नव्हता.

गावी पोचल्यावर काही दिवसांनी त्याचा फोन आला. चर्चच्या हॉलमध्ये सगळे प्रिंट दोरीवर चिमटे लावून टांगले होते म्हणे, लांबच्या बेटांवरून माणसं आली. जाळ्याच्या नावावरून पुन्हा भांडण झालं. मग आईने तो गुंडाळलेला कागद काढला आणि सगळ्या पुरुषांना बाहेर जायला सांगितलं. पाद्रीबाबांनाही. पीटर म्हणाला, "मी म्हटलं, अगं, मीच आणलाय तो. त्याच्यासाठी टाय घालून गायलो. तर म्हणाली, मग गायलास ना, आता बाहेर बस."

बाहेर आंब्याखाली तो बाकीच्यांबरोबर बराच वेळ बसून राहिला. आतून एकदा सगळ्या हसल्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग एका म्हातारीचं बोलणं, पण शब्द कळत नव्हते.

"काय म्हणत होती?" मी विचारलं. "ओळखलं का कोणी तिला?"

"मला काय माहीत, मॅडम," पीटर म्हणाला. "मी बाहेर होतो."